जटायू गरुड नव्हे

विजेच्या दिव्यांवाचून आणि ध्वनिवर्धकावाचून महिनाभर चालणारी रामनगरची रामलीला पाहून परतताना आपली मराठी अधिकारी मंडळी एक वाक्य हमखास बोलतात: ‘जटायू म्हणजे गरुडच ना!’ मुळीच नव्हे. वाल्मीकी त्यास गृध्र म्हणतात, तुलसीदास गीध म्हणतात. तेथे मानसाची पोथी उघडून बसणाऱ्या नेमी प्रेक्षकास हे सांगावे लागत नाही. जटायू अरुणाचा पुत्र; गरुड त्याचा चुलता. एवढ्या नात्यावरून दोघांस एक करणे हा वाचनाचा आळस होय.

खरे कारण याहून वाईट आहे. ‘गिधाड’ ही आपल्याकडे शिवी. सीतेसाठी पंख तुटेपर्यंत लढणारा वीर गिधाड असावा, हे आमच्या सोवळ्या मनास सोसत नाही. रामाने मात्र त्याचे दहन आप्ताप्रमाणे केले!

पुराणातील पक्ष्याच्या जातीवरून वाद कशाला, असे कोणी म्हणेल. वाद जिवंत पक्ष्यांसाठी आहे. मेलेली गुरे फस्त करून गिधाडे गावची घाण आणि रोगराई आवरीत. गुरांना टोचलेल्या डायक्लोफेनॅकने तीच विषबाधा होऊन मेली. १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे शंभरांत नव्याण्णवांहून अधिक नाहीशी झाली; गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली ती २००६ साली. ज्याचा तिरस्कार करावा, त्याचे मरण उशिराच दिसते.

जटायूसाठी डोळे पुसणाऱ्यांनी आधी त्यास त्याच्या खऱ्या नावाने हाक मारावी.