पिशवी काढली, पुढं काय?



पाळी जाऊन चार-पाच वर्षं झालेली असतात. सूनमुख बघून झालेलं असतं, आणि एक दिवस कपड्याला डाग दिसतो. अशा वेळी आपण काय करतो? कुणाला सांगत नाही. "उष्णता झाली असेल" म्हणून धन्या-जिऱ्याचं पाणी पितो, सब्जा भिजत घालतो. डाग थांबला की विसरून जातो. परत लागला की परत सब्जा.

माझ्या थोरल्या जाऊबाईंनी 2017 साली असे पाच महिने काढले. मे महिन्यात पहिला डाग, आणि सोनोग्राफी झाली ऑक्टोबरात. मधे एका दवाखान्यात "या वयात होतं असं" म्हणून गोळ्या मिळाल्या. थोडं थांबल्यासारखं झालं, तेवढ्यात गौरी-गणपती आले. गौरी जेवल्याशिवाय घरची थोरली बाई दवाखान्यात जाऊन बसेल कशी?

म्हणून आधी हे नीट सांगते. पाळी पूर्ण बंद झाल्यावर, म्हणजे वर्षभर आली नाही त्यानंतर, एक थेंब जरी दिसला तरी डॉक्टरीणबाईंकडे जायचं. त्याच आठवड्यात. घाबरून नव्हे. असा डाग दिसणाऱ्या शंभर बायकांपैकी नऊ-दहा जणींनाच कॅन्सर निघतो, बाकीच्यांचं कारण साधं असतं. पण उलट बाजूनं बघा. ज्यांना गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर होतो, त्यांच्यातल्या शंभरातल्या नव्वद जणींना आधी हा डाग लागलेला असतो. पोटातले कितीतरी आजार शेवटपर्यंत मुक्यानं वाढतात. हा बिचारा आधी हाक मारतो.

इथं एक घोटाळा नेहमी होतो. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर वेगळा आणि आतल्या अस्तराचा वेगळा. तोंडाच्या कॅन्सरसाठी पॅपची तपासणी असते, तीत अस्तराचा रोग सापडेलच असं नाही. तेव्हा "माझी पॅप चांगली आली होती" म्हणून निर्धास्त राहू नका. सोनोग्राफीत अस्तराची जाडी बघतात. पाळी गेलेल्या बाईत ती चार मिलिमीटरपेक्षा जास्त दिसली, किंवा डाग पुन्हा पुन्हा लागत राहिला, तर अस्तराचा तुकडा काढून तपासायला पाठवतात. निदान त्या तुकड्यावरूनच होतं. नुसत्या सोनोग्राफीवरून कुणी "कॅन्सर आहे, उद्याच पिशवी काढा" म्हणालं तर तिथून उठा आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. आपल्याकडे पिशव्या नको तितक्या निघतात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणीच्या बायकांची हकीकत 2019 साली सगळ्या राज्यानं वाचली. कॅन्सरची भीती घालून पिशवी काढणं आणि खरा डाग दुर्लक्षून बसणं, दोन्ही चालतं आपल्याकडे, कधीकधी एकाच गावात!

"मलाच का?" हा प्रश्न प्रत्येकीला पडतो. पाळीच्या दिवसांत शरीरात दोन संप्रेरकं काम करतात. एक अस्तर वाढवतं, दुसरं त्याला आवरतं. पाळी गेल्यावर अंगावरच्या चरबीतून वाढवणारं तयार होतच राहतं, पण आवरणारं उरत नाही. म्हणून वजन फार असेल, मधुमेह असेल, तरुणपणी पाळी महिनोन् महिने चुकत असेल, मूल झालेलं नसेल, तर धोका वाढतो. स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेनची गोळी चालू असलेल्यांनीही डाग दिसला तर लगेच सांगावं. यात कुणाचं पाप नाही की कुणाची नजर नाही. हा रोग ताटातून, कपातून लागतही नाही. आमच्याच आळीत एका घरी जाऊबाईंना चहा वेगळ्या कपात आला होता. त्यांनी तो मुकाट्यानं प्यायला. मी असते तर तसाच ठेवून उठले असते!

त्यांचं ऑपरेशन झालं. पिशवी, दोन्ही बीजकोश आणि नळ्या काढल्या. रोग पिशवीच्या आतच होता, पहिला टप्पा. पुढं काही द्यायची गरज नाही, तपासणीला येत राहा, असं ठरलं. आणि दीड वर्षानं, 2019 च्या जुलैत, पुन्हा डाग.

पिशवीच नाही तर डाग कुठून? घरात सगळ्यांना हाच प्रश्न पडला. पिशवी काढल्यावर योनीमार्गाच्या वरच्या टोकाला टाके घालून ते बंद करतात. हा रोग परतला तर पुष्कळदा तिथंच परततो, आणि बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत. एक लक्षात ठेवा, परतला म्हणजे संपलं असं नव्हे. तेवढ्याच जागी परतला असेल आणि आधी शेक दिलेला नसेल, तर तो पूर्ण बरा करण्याच्या हिशोबानंच उपचार करतात. तेही निम्म्याहून अधिक जणींत साधतं. जाऊबाईंनी या खेपेला डाग दिसला त्याच दिवशी भावोजींना सांगितलं. पस्तीस वर्षांच्या संसारात असलं काही त्यांनी यजमानांशी बोलायची ती पहिलीच वेळ असावी.

शेकाचे पाच आठवडे, सोमवार ते शुक्रवार. प्रत्यक्ष यंत्राखाली काही मिनिटंच पडून राहायचं, पण त्याआधी पाणी पिऊन लघवी तुंबवून ठेवायची, म्हणजे आतडी बाजूला सरकतात. किरण लागताना दुखत नाही. तिसऱ्या आठवड्यापासून मात्र पोट बिघडतं. मग घरातल्या बायकांचं काम सुरू होतं. जुलाबाच्या दिवसांत पालेभाजी, कच्ची कोशिंबीर, मटकी-हरभरा, मिरचीचा ठेचा हे सगळं बाजूला ठेवा. मऊ भात, मुगाच्या डाळीचं वरण, ताजं ताक, केळं, उकडलेला बटाटा, अंडं चालत असेल तर अंडं. दूध पचलं नाही तर आग्रह करू नका. थोडं थोडं, पाच-सहा वेळा द्या. मीठ-साखरेचं पाणी हाताशी असू द्या. "शक्ती येईल" म्हणून कुणी काढे, चूर्णं, भस्मं आणून देतं, ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. विशेषतः किमो चालू असताना तर मुळीच नाही.

बाहेरून शेक झाल्यावर आतून, योनीमार्गातून किरण देतात. त्यानं तो मार्ग आक्रसतो, कोरडा होतो. याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून मी बोलते. मार्ग मोकळा राहावा म्हणून डायलेटर नावाची गुळगुळीत नळी वापरायला देतात. ती नियमानं वापरा, लाजून कपाटात ठेवू नका. नवराबायकोच्या संबंधासाठी तर हे आहेच, पण पुढच्या तपासण्या नीट व्हाव्यात म्हणूनही आहे. संबंध कधी सुरू करायचे हे डॉक्टरीणबाईंना सरळ विचारा, आणि शक्य तर यजमानांना बरोबर न्या.

आता जाऊबाईंच्या कागदावर "रोगाची खूण नाही" असं येतं. बरा झाला असं डॉक्टर चटकन लिहीत नाहीत. या दोन वाक्यांमधल्या फटीतच बाईला राहायचं असतं. पहिली दोन वर्षं तीन-चार महिन्यांनी तपासणी, मग सहा महिन्यांनी. तपासणीच्या आधीच्या आठवड्यात आमच्या घरातले सगळे डबे घासून निघत. कुणी काही विचारायचं नाही, एवढं आम्हाला कळलं होतं. दुसरं म्हणजे, सुरुवातीच्या टप्प्यात बऱ्या झालेल्या बायकांना पुढं कॅन्सरपेक्षा हृदयविकाराचाच धोका जास्त असतो. रक्तदाब, साखर आणि वजन यांच्याकडे लक्ष हवंच. ओटीपोटातल्या गाठी काढल्या असतील तर पाय सुजू शकतो. तो दुर्लक्षू नका.

फाइलबद्दलही सांगायला हवं. तुकड्याचा तपासणी अहवाल, ऑपरेशनची टिपणं, शेकाचा हिशोब तारखांप्रमाणे लावून एका प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. काढलेल्या गाठीचे मेणातले ठोकळे प्रयोगशाळेत असतात, ते कुठं आहेत हे लिहून ठेवा. पुढं रोग परतला तर त्याच ठोकळ्यावर नव्या चाचण्या करता येतात. दुसऱ्या कुठल्या कारणानं पिशवी काढली असेल तरी ती तपासायला पाठवली का, हे विचारायचंच.

आता नाशिक जिल्ह्यातल्या एका भगिनीचं पत्र. पिशवीचा रोग फुप्फुसात परतला आहे, किमो चालू आहे, आणि मुलीचं लग्न वैशाखात ठरलंय. त्या विचारतात, लग्न पुढं ढकलू का? आणि व्याह्यांना सांगू का?

ताई, लग्न ढकलू नका. तुमच्या डॉक्टरांना तारीख सांगा. तीन आठवड्यांनी मिळणाऱ्या या औषधांत दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात. तिसऱ्या आठवड्यात त्या सावरतात. मुहूर्त तिसऱ्या आठवड्यात यावा असं सलाइन ठरवून देता येतं का, ते विचारा. गर्दीत मुखपट्टी लावा. हातापायांना मुंग्या येत असतील तर उंच टाचेच्या चपला नकोत. विहिणीचे पाय धुण्याला खाली बसणं जमत नसेल तर खुर्चीवर बसून करा, शास्त्र मोडत नाही. केस गेले असतील तर डोक्यावरून पदर आहेच.

तुमच्या गाठीच्या ठोकळ्यावर एम.एम.आर. नावाची चाचणी झाली का, हेही विचारा. तिच्यातून दोन गोष्टी कळतात. एक, तुम्हाला प्रतिकारशक्ती जागवणारी नवी औषधं किती लागू पडतील. 2023 साली मोठ्या अभ्यासांत किमोबरोबर ही औषधं दिल्यावर अशा रुग्णांना चांगलाच फायदा झालेला दिसला. ती फार महाग आहेत. योजनेत काय बसतं हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड आणि आधारकार्ड दाखवून विचारा. दागिने मोडायच्या आधी विचारा. दुसरं म्हणजे, रोग घराण्यातून आला असेल का, याचा अंदाज लागतो. असं शंभरात दोन-तीन जणींचंच असतं. त्याला लिंच म्हणतात. त्यात मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचाही धोका असतो आणि तो मुलीइतकाच मुलाकडेही जाऊ शकतो.

व्याह्यांना तुमचा आजार सांगा. तो लपणारा नाही, आणि मागून कळला तर मुलीलाच ऐकून घ्यावं लागेल. पण घराण्याचा प्रश्न चाचणी होईपर्यंत उच्चारू नका. जे अजून माहीतच नाही, ते सांगायचं काय? आणि निघालंच तसं, तर ते आधी मुलीला सांगायचं, शांतपणे, घरात बसून. पुढं कुणाला आणि कधी सांगायचं हे तिनं ठरवावं, तिच्या होणाऱ्या नवऱ्याबरोबर.