शंभर जणांच्या चाचणीने काय सिद्ध झाले?

एपिजेनेटिक औषधांनी फुप्फुसाच्या कर्करोगाविरुद्ध प्रतिकारशक्ती जागवायची ही कल्पना आता अडगळीत टाका, असे म्हणणारा एक पक्ष आहे. त्याच्या हाती पुरावा आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १०० रुग्णांना पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचे औषध दिले. निम्म्यांना सोबत अ‍ॅझासायटिडीन या एपिजेनेटिक औषधाच्या गोळ्या, उरलेल्यांना बिनऔषधाच्या. पहिल्या गटात रोग साधारण २.९ महिने थोपला, दुसऱ्यात ४ महिने. पूर्वपक्ष म्हणतो, खेळ खलास.

मला हे पटत नाही. त्या गोळ्यांनी पोट बिघडत होते, त्यामुळे औषध ठरल्याप्रमाणे पोचलेच नाही. ही पळवाट वाटली तर बाजूला ठेवा. माझा भर औषध पेशीत काय करते यावर आहे. १९६०च्या दशकात प्रागमध्ये ते बनले आणि आधी वापरले गेले पेशी मारायला, जबर डोसात. डीएनएवरच्या मिथाईलच्या खुणा ते पुसते, हे १९८०मध्ये पीटर जोन्स आणि शर्ली टेलर यांनी दाखवले. आपल्या जनुकसंचाचा सुमारे ८ टक्के भाग प्राचीन विषाणूंचे अवशेष आहे, आणि याच खुणांनी तो गप्प असतो. खुणा पुसल्या की हे अवशेष जागे होतात, पेशीला विषाणूचा हल्ला झाल्यासारखे वाटते आणि ती इंटरफेरॉनचा इशारा देते. चोराच्या उलट्या बोंबा आपण ऐकल्यात. इथे चोर स्वतःलाच पकडून देणारी बोंब ठोकतो! २०१५चे हे शोध अंडाशयाच्या आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगपेशींवरचे, हे खरे. पण २०१७मध्ये स्टीफन बेलिन यांच्या गटाने फुप्फुसाचा कर्करोग असलेल्या उंदरांत, हिस्टोन प्रथिनांवरच्या औषधाची जोड देऊन, टी पेशींना गाठीकडे ओढून दाखवले.

उत्साही मंडळींचेही मी ऐकणार नाही. जॉन्स हॉपकिन्सच्या ४५ रुग्णांच्या जुन्या चाचणीतले काही जण पुढे इम्युनोथेरपीवर सुधारले, हे ते उठता-बसता सांगतात. मूठभर माणसे, तुलनेला दुसरा गट नाही. त्यावर माडी बांधू नये. (हळदीच्या दुधाने जनुके ‘रीसेट’ करून देणाऱ्यांना तर दारातूनच नमस्कार.) तरी तिथला क्रम लक्षात घ्यावा: आधी एपिजेनेटिक औषध, इम्युनोथेरपी नंतर. शंभर जणांच्या चाचणीत दोन्ही बरोबरच सुरू झाली होती. जमीन न नांगरता पेरले आणि बियाण्याला दोष दिला, असे मला वाटते.

दुसरा प्रश्न, औषध कोणाला द्यायचे. इम्युनोथेरपी निष्फळ ठरलेल्यांना एन्टिनोस्टॅट या हिस्टोनवरच्या औषधासह पेम्ब्रोलिझुमॅब दिले, तेव्हा दहातल्या जेमतेम एकाची गाठ आकसली. पूर्वपक्ष उरलेले नऊ मोजतो. पण ज्यांच्या रक्तात ठरावीक प्रकारच्या मोनोसाइट पेशी मुळातच जास्त होत्या, त्यांच्यात प्रतिसाद अधिक दिसला. पुढच्या चाचणीत नाव नोंदवण्याआधी ही रक्ततपासणी का होऊ नये, याचे उत्तर पूर्वपक्षाने द्यावे.