ठोसा आणि जीभ

रविवारी घरी वाद रंगला. भाईजान म्हणाले, "खरी लढत १९७१ची! पंधराव्या फेरीत फ्रेझरच्या डाव्या ठोशाने अली खाली पडला." माझा मुलगा म्हणाला, "पण बडे अब्बा, १९७४ची परतीची लढत तर अलीनेच जिंकली ना?"

दोघेही बरोबर होते. मला मात्र वेगळेच आठवले. व्हिएतनाम युद्धाला नकार दिल्याने अलीचा परवाना गेला, तेव्हा याच जो फ्रेझरने त्याला पैशांची मदत केली, परवान्यासाठी शब्द टाकला. पुढे अलीने त्याला 'अडाणी' म्हटले. त्यावरून दुसऱ्या लढतीच्या काही दिवस आधी टीव्ही स्टुडिओतच दोघांची झटापट झाली. १९७५च्या मनिला लढतीआधी तर अलीने त्याला 'गोरिला' म्हटले. अलीने २००१ साली जाहीर माफी मागितली, २०११ साली तो फ्रेझरच्या जनाज्यालाही गेला. पण फ्रेझरच्या मनातला सल वर्षानुवर्षे राहिला होता.

सूरह हुजुरातमध्ये वाईट नावे ठेवण्याची मनाई आहे. वर्गात 'ए ढब्ब्या' ऐकले की मी शिकवणे थांबवते. ठोशाची सूज उतरते. नावाची उतरत नाही. आपल्या घरात कोणाला असे नाव पडले आहे का? आजच सोडून द्या.