पदकाआधीची बारा वर्षे

चेन्नईच्या अड्यार भागातून दक्षिणेकडे जाणाऱ्या जुन्या महाबलीपुरम रस्त्यालगत तीन मुक्काम ओळीने लागतात. प्रथम तरमणी. तेथे गणितविज्ञान संस्था आणि मद्रास आयआयटीचे संशोधन संकुल आहे. मग पेरुंगुडी, संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारतींचे गाव. आणि त्याही पुढे सिरुसेरी, जेथे चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट आहे. दोन्ही टोकांना ज्ञान आणि मध्ये पैसा, असा हा रस्ता. मधल्या मुक्कामाने दोन्ही टोकांसाठी काय केले, हा प्रश्न एकट्या चेन्नईचा राहिलेला नाही. संशोधनाचा देशव्यापी हिशेब केंद्र सरकारने खासगी उद्योगाच्या भरवशावर मांडल्यापासून तो दिल्लीचाही झाला आहे.

दिल्लीने यातील सोपा भाग आधी हाती घेतला. केंद्रीय गृहसचिवांच्या अध्यक्षतेखाली २०२२ मध्ये विज्ञान खात्यांच्या पुरस्कारांची छाननी झाली आणि त्यांतील बहुतेक गुंडाळण्याचे ठरले. त्यांच्या जागी राष्ट्रीय विज्ञान पुरस्कार आले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रपती भवनात पहिल्या ३३ मानकऱ्यांचा गौरव झाला. पुरस्कारांची खिरापत थांबली, हे बरेच झाले. संगणकशास्त्राच्या दृष्टीने त्यात आणखी एक बातमी होती. शांतिस्वरूप भटनागर पुरस्काराच्या सात शाखांमध्ये या विषयाचे नावच नव्हते. नव्या व्यवस्थेत 'गणित आणि संगणकशास्त्र' अशी शाखा झाली. मात्र ही जागा स्वतःच्या घराची नव्हे, पोटभाडेकरूची आहे. पहिल्या वर्षी या शाखेतील युवा पुरस्कार बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील गणितज्ञ महेश काकडे यांना मिळाला. त्यांच्या योग्यतेविषयी दुमत नाही. तथापि ज्या व्यवसायावर देश निर्यातीची मिजास करतो, त्याच्या शास्त्राला दरवर्षी शेजाऱ्याशी जागेसाठी स्पर्धा करावी लागावी, हे विसंगत आहे. शिवाय भटनागर पुरस्कारासोबत पाच लाख रुपये मिळत. नव्या पुरस्कारात सनद आणि पदक आहे, रक्कम नाही.

शास्त्रज्ञाला पैशाचे आमिष कशाला, सन्मान पुरेसा नाही काय, असा युक्तिवाद यावर होतो. वैयक्तिक बक्षिसापुरता तो मान्य करता येईल. प्रश्न संशोधनाच्या खर्चाचा आहे, आणि त्याचे उत्तर इचलकरंजीत सापडते. या वस्त्रनगरीत वाढलेले सुभाष खोत मुंबई आयआयटीतून अमेरिकेत गेले. प्रिन्स्टनमध्ये विद्यार्थी असतानाच, २००२ मध्ये, त्यांनी 'युनिक गेम्स' नावाचा कयास मांडला. जे प्रश्न अचूक सोडवणे संगणकाच्या आवाक्याबाहेरचे आहे, त्यांच्या उत्तराच्या निदान किती जवळ जाता येईल, याची सीमा सांगणारा हा कयास. तो आजही सिद्ध झालेला नाही. तरीही त्याने एका विद्याशाखेची दिशा बदलली आणि २०१४ मध्ये खोत यांना नेव्हान्लिना पारितोषिक मिळाले. कल्पना आणि पदक यांच्यात बारा वर्षे गेली. या तपाचा शिधा कोणी पुरवला? अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने २०१० मध्ये त्यांना वॉटरमन पुरस्कार दिला, तो तीन वर्षांत पाच लाख डॉलरच्या संशोधन अनुदानासह. तेथे पुरस्कार पुढच्या कामाची बेगमी म्हणून दिला गेला. आपल्याकडे तो बहुधा झालेल्या कामाचे शाल-श्रीफळ असतो.

हेच पारितोषिक २००२ मध्ये मद्रासमध्ये जन्मलेल्या मधु सुदन यांना मिळाले होते. तेही दिल्ली आयआयटीतून अमेरिकेत गेलेले. मद्रासचा एक आणि इचलकरंजीचा एक, अशी दोन नावे भारत अभिमानाने सांगतो. परंतु दोघांच्या संशोधनाचा खर्च दुसऱ्या देशाने सोसला, हे सांगताना आवाज खाली येतो.

येथे असे काम होऊच शकत नाही, ही समजूतही खोटी आहे. २००२ मध्येच कानपूर आयआयटीत मनींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी एखादी संख्या मूळ आहे की नाही, हे ठरवण्याची जलद आणि खात्रीची रीत शोधून जगाला चकित केले. त्यापूर्वी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने टिफ्रॅक हा संगणक स्वतः बांधला, १९६० मध्ये तो पूर्णत्वाने सुरू झाला. त्याचे शिल्पकार आर. नरसिंहन हे पेरुंगुडीपासून जवळच असलेल्या गिंडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी. मद्रासच्या अभियंत्याला मुंबईत काम मिळाले, कारण तत्काळ फायद्याचा हिशेब न मागणारी संस्था तेथे उभी होती.

आता अशा संस्थांना कोण पोसणार? देशाचा संशोधनावरील खर्च २०२०-२१ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के होता. तो वाढावा म्हणून २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झाले. पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपये, असा त्याचा आराखडा होता. त्यांपैकी ३६ हजार कोटी सरकारबाहेरून, म्हणजे उद्योग आणि दात्यांकडून यावेत अशी अपेक्षा. दहा रुपयांतील सात रुपये दुसऱ्याच्या खिशातून येतील, असे गृहीत धरणारा अर्थसंकल्प हा संकल्प कमी आणि आशावाद अधिक असतो. जुलै २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने संशोधन व नवोपक्रमासाठी एक लाख कोटींच्या निधीला मंजुरी दिली खरी. पण तो बाजाराच्या वाटेवर बरेच पुढे आलेल्या तंत्रज्ञानासाठी आहे. ज्याचा उपयोग आज सांगता येत नाही, अशा कयासाला त्या दारात उभे राहता येणार नाही.

म्हणून पुन्हा पेरुंगुडीकडे पाहावे लागते. येथून कारभार चालवून वाढलेली फ्रेशवर्क्स २०२१ मध्ये अमेरिकेच्या नॅसडॅक बाजारात नोंदली गेली. या पट्ट्याने हजारो घरे उभी केली, त्यांत पुण्या-नागपुराहून गेलेल्या मराठी अभियंत्यांचीही आहेत. आपण रोजगार देतो, कर भरतो, हे उद्योगाचे म्हणणे खोटे नाही. पण याच रस्त्यावरची सिरुसेरीची संस्था कोणी उभी केली, हेही पाहावे. 'स्पिक' या खतकंपनीच्या विज्ञान प्रतिष्ठानाने १९८९ मध्ये सी. एस. शेषाद्री यांच्या नेतृत्वाखाली तिचा पाया घातला. आज ती गणिताबरोबर सैद्धांतिक संगणकशास्त्रासाठीही ओळखली जाते. खत विकणाऱ्यांना जे सुचले, ते संगणकावर जगणाऱ्यांना सुचू नये? बंगळुरूच्या नीलेकणी दांपत्याच्या संस्थेने २०२२ मध्ये ३६ कोटी दिले, त्यातून मद्रास आयआयटीतील 'एआय फॉर भारत'ला बळ मिळाले आणि मराठीसह २२ भाषांच्या यांत्रिक अनुवादाचे काम पुढे गेले. परंतु दिलदार व्यक्तींच्या इच्छेवर विज्ञानधोरण चालत नाही. पेरुंगुडीच्या टोलनाक्यावर रस्त्यासाठी २०२१ पर्यंत पैसे घेतले जात होते, ज्ञानाच्या वाटेवर नाकाच नाही.

तो उभारण्यासाठी नवा कर नको. सामाजिक उत्तरदायित्वाचा निधी विद्यापीठे आणि आयआयटींच्या संशोधनाला देण्याची मुभा कंपनी कायद्याखाली २०१९ पासून आहे. त्यातील ठराविक हिस्सा मूलभूत संशोधनासाठी राखून ठेवावा आणि कोणी किती दिले, ते दरवर्षी संसदेसमोर मांडावे. संगणकशास्त्राला पुरस्कारांत स्वतंत्र शाखा द्यावी. आणि युवा पुरस्कारासोबत पाच वर्षांचे संशोधन अनुदान द्यावे, त्या पैशाचा विनियोग संशोधकाने ठरवावा.

चौथी गोष्ट दिल्लीतील अधिकाऱ्यांच्या हाती आहे आणि तिला कायदा लागत नाही. कनिष्ठ संशोधकाचे विद्यावेतन २०२३ पासून महिना ३७ हजार रुपये आहे. पेरुंगुडीतील अनुभवी अभियंता याच्या कितीतरी पट मिळवतो. तरीही जो तरुण ही वाट सोडून तरमणीच्या प्रयोगशाळेत बसतो, त्याचे विद्यावेतन महिनोन्महिने थकू नये, एवढी हमी तरी मिळावी. जून २०२५ मध्ये वैज्ञानिक खरेदीचे नियम सैल झाले. ज्या तत्परतेने यंत्रांचा विचार झाला, त्याच तत्परतेने माणसांचाही व्हावा. पुढचा खोत आज कोठल्या तरी वसतिगृहात एक न सुटणारा प्रश्न घेऊन बसला असेल. त्याला पदक देण्याची घाई नाही. त्याची या महिन्याची फाइल मात्र आज निघाली पाहिजे.