रांगेत कोण उभं होतं?

'थिंक टँक' म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? एसी हॉल, फाइव्ह स्टार लंच आणि कुणीही न वाचलेला जाडजूड रिपोर्ट. म्हणूनच मला लिमाची गोष्ट जाम आवडते.

१९८३ साली पेरूच्या या राजधानीत हर्नांडो द सोतो यांच्या थिंक टँकने एक प्रयोग केला. कपडे शिवायचं एक साधं वर्कशॉप कायदेशीर नोंदवायचं, बस्स. किती दिवस लागले? २८९! द सोतोंचं म्हणणं सोपं होतं. फुटपाथवरचा माणूस हौसेने बेकायदा धंदा करत नाही. कायद्याच्या दारात शिरायलाच इतके दिवस जाणार असतील, तर तो बाहेरच पथारी पसरणार ना!

या संस्थेला उभं राहायला मदत केली अँटनी फिशर यांनी. कोंबड्यांच्या धंद्यात बक्कळ पैसा कमावलेला हा इंग्रज. राजकारणात पडू नका, विचार पसरवा, हा अर्थतज्ज्ञ हायेक यांचा सल्ला त्याने मनावर घेतला. १९५५ साली लंडनमध्ये स्वतःची संस्था काढली आणि पुढे जगभरच्या खुल्या बाजारवाल्या थिंक टँक्सना हात दिला.

दिवस मोजायची आयडिया मग वर्ल्ड बँकेने उचलली. २००३मध्ये 'डुइंग बिझनेस' रिपोर्ट सुरू झाला, पाठोपाठ रँकिंग आलं आणि देशादेशांत दहावीच्या मेरिट लिस्टसारखी चुरस लागली. भारत २०१४मध्ये आलेल्या रिपोर्टमध्ये १४२वा, २०१९मध्ये आलेल्या रिपोर्टमध्ये थेट ६३वा. टाळ्या! पण पेपर कसा होता, तेही बघा. भारतात तपासली फक्त मुंबई आणि दिल्ली. आणि धंदा कुणाचा? एका काल्पनिक लिमिटेड कंपनीचा. ज्याच्यासाठी हा हिशेब सुरू झाला, तो फुटपाथवाला सिलॅबसमध्येच नव्हता.

मेरिट लिस्ट आली की कॉपीही आलीच. चीन, सौदी अरेबिया, यूएई आणि अझरबैजानच्या आकड्यांत गडबड सापडली आणि सप्टेंबर २०२१मध्ये बँकेने रिपोर्टच गुंडाळला. २०२४मध्ये 'बी-रेडी' नावाचा नवा रिपोर्ट आला. यात कंपन्यांनाही थेट विचारतात, हे बरंय. पण पुन्हा रजिस्टर्ड कंपन्यांनाच!

खुल्या बाजाराचा सगळाच फंडा मला पटतो असं नाही. पण खिडकीपुढे स्वतः उभं राहून दिवस मोजणं, हे सॉलिड आहे. त्यामुळे पुढच्या वेळी कुणी झकास रँकिंग तोंडावर फेकलं, तर एवढंच विचारा, रांगेत कोण उभं होतं?