खुंटीवरची बंदूक

‘भीती’ आणि ‘धाक’ यांत फरक काय, हा प्रश्न मी वर्गात दरवर्षी विचारतो. शब्दकोशात हे दोन्ही शब्द एकमेकांचा अर्थ सांगत बसतात. पण बोलताना त्यांची गल्लत कोणी करीत नाही. भीती वाटते, धाक बसतो. भीती ज्याची त्याची असते; धाक मात्र दुसऱ्याचा असतो, आणि तो कोणीतरी मुद्दाम बसवलेला असतो. यंदा खेड्यातून येणाऱ्या एका विद्यार्थ्याने जे उदाहरण दिले, ते माझ्या साऱ्या विवेचनापेक्षा सरस होते. तो म्हणाला, “सर, आमच्याकडं मालकांच्या ओसरीत खुंटीला बंदूक टांगलेली आहे. ती उडाल्याचं कुणी ऐकलं नाही. पण मजुरीचे पैसे मागायला गेलेला माणूस आधी तिच्याकडं बघतो आणि मग मालकांकडं.” वर्ग हसला. मला काही हसू आले नाही.

चकल्या-करंज्यांच्या दिवसांत बंदुकीचा विषय कशाला, असे आमच्या सौभाग्यवतींनी विचारलेच. त्याला कारण आहे. डिसेंबर २०२४ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यात मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला आणि मग त्या एका जिल्ह्यात शस्त्रपरवाने हजारावर आहेत, त्यांत गुन्हे दाखल असलेली मंडळीही आहेत, अशी माहिती बाहेर आली. पुढे त्यांतले बरेच परवाने रद्द झाले. आमच्या आळीत तेव्हा एकच चर्चा : असल्या माणसांच्या हाती सरकारी सहीशिक्क्याची बंदूक गेलीच कशी?

कायदा काय म्हणतो ते पाहू. १८७८ च्या इंग्रजी कायद्यात बंदूक कोणी बाळगावी, हे बरेचसे कातडीच्या रंगावर ठरत असे. गोऱ्या साहेबाला परवान्यातून सूट आणि आपल्याला मात्र अर्ज. तो कायदा जाऊन १९५९ चा शस्त्र अधिनियम आला, आणि माणसाचा रंग न पाहता त्याचे वर्तन पाहावे असे ठरले. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात ज्याला कारावास झाला, त्याला शिक्षा संपल्यावर पाच वर्षे शस्त्र बाळगता येत नाही. शांतता राखण्याचा जामीन ज्याच्याकडून लिहून घेतला आहे, त्यालाही ती मुदत संपेपर्यंत बंदी आहे. इथवर ठीक. पण या कलमात जातिद्वेषाचा उल्लेख नाही. चारचौघांत एखाद्याला जातीवरून शिवीगाळ करून अपमानित केले, तर १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली निदान सहा महिन्यांची सजा आहे. हा गुन्हा ‘नैतिक अधःपतना’त बसतो की नाही? ते परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याच्या समजुतीवर. पाच वर्षांनंतर तर तोही प्रश्न उरत नाही.

अमेरिकेसारख्या बंदूकवेड्या देशातही कॅलिफोर्निया राज्याने २०१८ पासून द्वेषमूलक गुन्ह्यात, अगदी किरकोळ समजल्या जाणाऱ्या गुन्ह्यातसुद्धा, दोषी ठरलेल्याला दहा वर्षे बंदूक वर्ज्य केली. आपल्या कलमातही अत्याचार कायद्याचे नाव स्पष्ट घालावे, असे माझे मत आहे. ते एका ओळीचे काम आहे.

पण एवढ्याने भागणार नाही, आणि हे आपल्या जिल्ह्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? १ जानेवारी २०१३ रोजी नेवासे तालुक्यात सोनईजवळ तीन दलित तरुणांची हत्या झाली. त्यांतल्या एकाचे वरचढ जातीतल्या मुलीवर प्रेम होते, एवढे निमित्त. खटला नाशिकला हलवावा लागला. निकाल लागला जानेवारी २०१८ मध्ये. सहा जणांना फाशीची सजा सुनावली गेली. म्हणजे गुन्हा आणि दोषसिद्धी यांत पाच वर्षांचे अंतर. दुसरे प्रकरण खर्ड्याचे. २८ एप्रिल २०१४ रोजी जामखेड तालुक्यातल्या त्या गावात सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याला मारहाण झाली आणि त्याचा देह झाडाला लटकलेला सापडला. तिथेही मुलीशी बोलल्याचाच राग होता, असा आरोप. साक्षीदार एकामागून एक फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये न्यायालयाने आरोपींची निर्दोष मुक्तता केली. दोषी कोणीच नाही. तेव्हा ‘दोषी ठरलेल्याला बंदूक नको’ हा नियम तिथे लागणार कोणाला?

या दोन्ही ठिकाणी बंदूक नव्हती, हेही सांगितले पाहिजे. नाहीतर वाचक म्हणतील, मास्तर ओढूनताणून विषय आणतात. बंदुकीची गरजच पडली नाही. पण साक्ष द्यायला निघालेला माणूस कोणत्या ओसरीसमोरून जातो आणि त्या ओसरीत काय टांगलेले असते, याचा विचार केल्यावाचून मला तरी राहवत नाही.

मौज अशी की, हा विचार आपल्या सरकारने फार पूर्वीच करून ठेवला आहे. अत्याचार कायद्याखालचे नियम १९९५ साली झाले. त्यांतला तिसरा नियम वाचून मी थक्क झालो. जिथे अत्याचार होण्याचा संभव आहे असे भाग सरकारने आधीच हेरून ठेवावेत. आणि जरूर वाटल्यास तिथल्या दलित-आदिवासी नसलेल्या लोकांचे शस्त्रपरवाने रद्द करून शस्त्रे सरकारी शस्त्रागारात जमा करावीत. दोषसिद्धीची वाट पाहावी असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. आणि परवाने नुसते त्यांचेच नव्हेत, तर त्यांचे जवळचे नातेवाईक, नोकरचाकर आणि घरोब्याचे स्नेही यांचेही! हे ज्याने लिहिले त्याने खेडे पाहिले असले पाहिजे. परवाना वडिलांच्या नावावर, बंदूक चिरंजीवांच्या खांद्यावर आणि वेळ आली की गड्याच्या हातात, हा प्रकार दिल्लीच्या कचेरीत बसून सुचत नाही. याच नियमात पुढे दलित-आदिवासींना संरक्षणासाठी परवाने देण्याचीही सोय आहे. ती मला तितकीशी पटत नाही; समोरासमोरच्या दोन ओसऱ्यांत दोन बंदुका टांगल्याने गाव निवांत झोपेल असे वाटत नाही. पण धाक कोणावर बसतो, हे नियम करणाऱ्याने नेमके ओळखले होते.

आमचे एक मावसभाऊ बागायतदार आहेत, बारा बोअरची बंदूक बाळगतात. मी हे सांगताच ते उसळले. “अहो, तुम्ही शहरातली माणसं! रानडुकरं रात्रीतून मका लोळवतात, उसात बिबट्या. आम्ही काय टाळ्या वाजवायच्या?”

मी म्हटले, “दादा, बिबट्यावर गोळी झाडलीत तर तुम्हीच तुरुंगात जाल. डुकरांचं राहू द्या. निवडणूक आली की काय करता?”

“ठाण्यात जमा करतो. पावती मिळते.”

“आणि महिना-दीड महिना मका कोण राखतं?”

दादांनी सुपारी कातरायला घेतली.

निवडणुकीच्या वेळी कोणाची शस्त्रे जमा करायची हे छाननी समिती ठरवते, आणि त्याचा कोणी अपमान मानीत नाही. मतदानाच्या पेटीसाठी जे होते, ते साक्षीदारासाठी का होऊ नये? गावात जातीवरून बहिष्कार पडला, मिरवणूक अडवली, पाण्याच्या जागी मारामारी झाली, की त्या आठवड्यातच त्या भागातल्या बंदुका ठाण्यात जाव्यात. खटला उभा राहून साक्षी संपेपर्यंत त्या तिथेच राहाव्यात. पावती द्यावी, हवी तर तेलपाणीही सरकारने करावे.

प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली या कायद्याची दक्षता समिती असते. तीन महिन्यांतून एकदा तरी तिची बैठक व्हावी असा नियम आहे. तीत आमदार-खासदार असतात, काही बिनसरकारी सभासदही असतात. आपल्या ओळखीचे त्यांत कोणी असेल, तर दिवाळीच्या भेटीला गेल्यावर त्यांना दोन गोष्टी जरूर विचारा : जिल्ह्यातली कोणती गावे अशी हेरून ठेवली आहेत, आणि तिसऱ्या नियमाखाली आजवर तिथले किती परवाने रद्द झाले? उत्तर मिळाले तर मला या अंकाच्या पत्त्यावर अवश्य कळवावे.