चढणाऱ्याचा दम, उतरणाऱ्याच्या मांड्या

नवरात्र सरलं की विरार-नालासोपाऱ्यातल्या आपल्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यांत एक ठरावीक पेशंट येऊ लागतो. विरारच्या जीवदानी देवीच्या गडाच्या तेराशेच्या आसपास पायऱ्या चढलेला, दर्शन घेऊन उतरलेला, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ज्याला संडासात बसता येत नाही की उठता येत नाही. मांडीला हात लावू देत नाही. ‘‘चढताना दम लागला, पण पाय तेव्हा ठीक होते हो,’’ असं वर सांगतो. आपण आयएफटीचं (विद्युत उपचाराचं) मशीन लावतो, शेक देतो आणि म्हणतो, आता पायऱ्या टाळा. या महिन्याचं संपादकीय या तीन शब्दांवर आहे.

पेशंटचं म्हणणं तंतोतंत खरं असतं. चढताना मांडीच्या पुढचा क्वाड्रिसेप्स आखूड होत शरीर वर ढकलतो. उतरताना तोच स्नायू लांबत असतानाच भार धरून ठेवतो, ब्रेक लावतो. पुस्तकातलं इक्सेंट्रिक आकुंचन ते हेच. १९५४ साली अँड्र्यू हक्सली-नीडरगर्के आणि ह्यू हक्सली-जीन हॅन्सन या दोन जोड्यांनी ‘नेचर’च्या एकाच अंकात तंतू एकमेकांवरून सरकतात ही कल्पना मांडली. ती आपण पहिल्या वर्षाला घोकली. पण पुस्तकातल्या तिच्या आकृतीत स्नायू आखूड होतानाच दिसतो. लांबताना मायोसिनची अडकलेली डोकी ओढली जाऊन सुटतात, तिथे एटीपीचा खर्च कमी. शिवाय टायटिनचा स्प्रिंगसारखा धागा ताणाचा वाटा उचलतो. म्हणून थोड्या तंतूंवर मोठा भार पेलतो आणि प्राणवायूही कमी लागतो.

१९५२ साली लंडनमध्ये अ‍ॅबट, बिगलँड आणि रिची यांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून एका साखळीने जोडल्या. एकाने पेडल पुढे मारायचं, दुसऱ्याने ते मागे येताना अडवायचं. अडवणाऱ्या लहानखुऱ्या बाईने पेडल मारणाऱ्या दांडग्या पुरुषाला बघता बघता दमवलं. हा प्रयोग विद्यार्थ्यांना सांगा, इक्सेंट्रिक हा शब्द ते जन्मात विसरणार नाहीत.

स्वस्ताईची किंमत ते मोजके तंतू भरतात. सार्कोमिअर जागोजागी विस्कटतात, सूज येते आणि दुखणं एक ते तीन दिवसांत शिगेला पोचतं. लॅक्टिक आम्लाचा इथे काही संबंध नाही. व्यायामात वाढलेलं लॅक्टेट तासा-दीड तासात ओसरतं, तिसऱ्या दिवसाचं दुखणं त्याच्या माथी मारता येत नाही. तरी आपल्यातले कित्येक जण अजून तेच सांगतात, हे लिहिताना थोडी लाजच वाटते. (लघवी चहाच्या काढ्यासारखी काळपट झाली असेल, तर मात्र मशीनला हात न लावता पेशंट त्याच दिवशी फिजिशियनकडे पाठवायचा.) तोच माणूस दोन आठवड्यांनी पुन्हा गड चढून उतरला, तर दुखणं बरंच कमी असतं. एका दुखण्यात स्नायू धडा घेतो. दर मंगळवारी गडावर जाणारे आपल्याकडे येत नाहीत ते उगाच नाही.

तरुण पेशंटला पायऱ्या टाळायला सांगितलं तर फार काही बिघडत नाही, तो ऐकतही नाही. ऐकतात ते साठीपुढचे. ज्यांनी वाडीत पाणी शेंदलं, केळीचे घड उचलले, भाजीची टोपली घेऊन पहाटेची लोकल पकडली, त्या आजी आपल्या एका वाक्यावर घराचा जिना सोडतात. मी स्वतः हे वाक्य वर्षानुवर्षं वाटत आलो. निरोगी वृद्धांना दहा दिवस बिछान्यात ठेवलं तेव्हा पायांतलं जवळजवळ एक किलो मांस गेलं, असं अमेरिकेतला २००७चा अभ्यास सांगतो. आपण तर कायमची रजा लिहून देतो.

त्यात आपल्या माणसाकडे मुळातच स्नायूंची शिल्लक कमी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या गावांतली नवजात बाळं मोजली, तेव्हा त्यांचं सरासरी वजन २.७ किलो भरलं. इंग्लंडात साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. ही तूट स्नायूंत आणि पोटातल्या अवयवांत होती, चरबी त्या मानाने टिकून होती. पुढे याज्ञिकांनी आपला आणि इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापला. दोघांचा बीएमआय २२.३, शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. इन्शुलिनने रक्तातून उचललेली साखर मुख्यतः स्नायूत जाते. कोठार लहान असलं की साखर रक्तात साचते. म्हणजे मधुमेही आजींना जिना बंद करताना आपण त्यांचं कोठार आणखी लहान करत असतो.

तैवानमध्ये २०१७ साली स्थूल वृद्ध स्त्रियांचे दोन गट केले. एक बारा आठवडे जिने फक्त चढला; दुसरा लिफ्टने वर जाऊन फक्त उतरला, आणि तोही थोड्या पायऱ्यांपासून हळूहळू वाढवत. मांडीची ताकद, इन्शुलिनला मिळणारा प्रतिसाद, हाडांची घनता, सगळ्यात उतरणारा गट पुढे निघाला. अभ्यास छोटा आहे, आणि गुडघा सुजलेल्या पेशंटला लगेच जिन्यावर न्यावं असं माझं म्हणणं नाही. त्याच्यासाठी खुर्ची आहे. उठताना हवा तर हाताचा आधार. बसताना मनात पाचपर्यंत मोजत, धप्पकन न टेकता. स्टेशनच्या पुलावरून उतरायची ही पूर्वतयारीच.

एक काम सगळ्यांनी करावं. साठीपुढच्या प्रत्येक पेशंटला हात छातीशी घेऊन खुर्चीतून पाच वेळा उठबस करायला लावा आणि घड्याळ लावा. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९च्या निकषाप्रमाणे १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर स्नायूंची क्षमता घटली असं धरावं. आकडा केसपेपरवर दुखण्याच्या गुणाशेजारी लिहा, सहा आठवड्यांनी पुन्हा घ्या, आणि दोन्ही आकडे आम्हाला पाठवा. पेशंटचं नाव नको, वय आणि मधुमेह आहे की नाही एवढं पुरे.